लाइट गेल्यावर लिनक्स ‘इनिटरामएफएस’वर अडकतं तेव्हा: ईएक्सटी४ फाइल सिस्टिमची दुरुस्ती, सोप्यापासून अवघडापर्यंत

आधी लक्षणं

लाइट जाऊन आली, संगणक चालू केला, आणि लॉगिनऐवजी काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरामएफएस’ (मुख्य डिस्क जोडण्याआधी रॅममधून चालणारं तात्पुरतं छोटं लिनक्स) एवढाच शब्द. पुढे लुकलुकणारा कर्सर. उबुंटू, मिंट, डेबियन वापरणाऱ्यांना हे चित्र चांगलं ओळखीचं आहे. पण फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल कुठे, कशा ठेवायच्या याची व्यवस्था; इथे ईएक्सटी४) बिघडल्याच्या खुणा आणखीही आहेत:

– संगणक नीट चालू असताना अचानक काहीच सेव्ह होईनासं होतं आणि ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा संदेश येतो. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) गडबड दिसली की आणखी नुकसान नको म्हणून तो स्वतःच लिहिणं बंद करतो. एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) ‘एरर्स=रीमाउंट-आरओ’ लिहिलेलं असतं, ते याचसाठी.
– ‘एलएस -एल’ केल्यावर एखाद्या फाइलच्या नावापुढे मालक, आकार, तारीख यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.
– फाइल उघडताना किंवा पुसताना ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’.
– बूट होताना ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’. (एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा.)
– माउंट करायला, म्हणजे पार्टिशन वापरासाठी जोडायला गेलं की ‘बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक’. (सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक.)
– ‘इनपुट/आउटपुट एरर’. हा मात्र वेगळ्या घरचा पाहुणा. तो बहुतेक वेळा फाइल सिस्टिमचा नसतो, खाली डिस्कच वाचता येत नसते.

दोन दुखणी वरवर अशीच दिसतात, पण त्यांचा इथे संबंध नाही. ‘नो स्पेस लेफ्ट’ येतंय आणि ‘डीएफ -एच’ जागा दाखवतंय, तर ‘डीएफ -आय’ करून बघा. आयनोड (प्रत्येक फाइलमागचं नोंदीचं पान) संपलेले असतील. लाखो बारक्या कॅश फाइल साठल्या की असं होतं. आणि काळ्या पडद्यावर ‘अलर्ट! यूयूआयडी अमुक डझ नॉट एक्झिस्ट’ असं (यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक) असेल, तर डिस्क सापडलेलीच नाही. जी सापडलीच नाही तिची दुरुस्ती कसली करणार?

या सगळ्यांवर ‘एफएससीके -वाय मारा, होईल ठीक’ हा सल्ला सर्रास दिला जातो. निम्म्या वेळा खरंच ठीक होतं, म्हणूनच तो टिकून आहे. पण एफएससीके डिस्कवर लिहितं. डिस्क धडधाकट असेल तर ते औषध. डिस्क मरायला टेकली असेल तर शेवटचा धक्का. म्हणून खालच्या क्रमात एफएससीके बरंच उशिरा येतं.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टंकायच्या. उदाहरणांत पार्टिशन /डेव्ह/एसडीए२ धरलं आहे. तुमचं वेगळं असेल. एनव्हीएमई डिस्क असेल तर /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ असं काहीतरी.)

१. फुकटचं काम: संदेश वाचा

इनिटरामएफएसच्या त्या कर्सरपुढे ‘एक्झिट’ टंकून एंटर दाबा. बूट होणार नाही, पण संगणक का अडला ते ओळींत सांगेल. ‘द रूट फाइलसिस्टिम ऑन /डेव्ह/एसडीए२ रिक्वायर्स अ मॅन्युअल एफएससीके’ असं आलं, तर पार्टिशनचं नावही मिळालं आणि डिस्क निदान दिसतेय हेही कळलं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे तो लागतो.

मग ‘बीएलकेआयडी’. यादीत तुमचं पार्टिशन आणि त्यापुढे ‘टाइप=ईएक्सटी४’ दिसायला हवं. ‘क्रिप्टो_लक्स’ (कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड पार्टिशन) किंवा ‘एलव्हीएम२_मेंबर’ (एलव्हीएमने वाटलेली जागा) दिसलं तर फाइल सिस्टिम त्याच्या आत आहे. आधी लक्स उघडायचं किंवा ‘व्हीजीचेंज -एवाय’ करायचं, आणि एफएससीके /डेव्ह/मॅपर/ खालच्या नावावर चालवायचं. ‘बॅड मॅजिक नंबर’च्या तक्रारींत सगळ्यात जास्त भरणा याच चुकीचा: एसडीए२ ऐवजी नुसतं एसडीए दिलेलं, किंवा लक्सच्या बाहेरच्या कवचावर चालवलेलं. फाइल सिस्टिमला काहीच झालेलं नसतं, आपण दार सोडून भिंतीवर टकटक करत असतो.

२. शंभर-दीडशे रुपयांच्या आतलं: केबल आणि घड्याळाचा सेल

डिस्क सापडतच नसेल तर बायोसमध्ये जाऊन ती तिथे दिसते का ते पाहा. नसेल दिसत तर संगणक बंद करा, प्लग काढा, साटा केबल आणि पॉवरचा कनेक्टर दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या केबलला लॉकची पत्ती नसते आणि ती हळूहळू सैल होते. बायोसमध्ये डिस्क दिसते पण लिनक्सला दिसत नाही, असं असेल तर साटा मोड एएचसीआयवरून रेडवर (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या मोडवर) गेला आहे का ते बघा. बायोस रीसेट झालं की हे होतं.

बायोसमध्ये गेलाच आहात तर तारीखही पाहा. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. याचा फाइल सिस्टिमशी काय संबंध? ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये शेवटच्या माउंटची वेळ लिहून ठेवतं. घड्याळ मागे गेलं की ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर’ अशी तक्रार येते आणि तपासणी सुरू होते. दर सकाळी, मेन स्विच बंद केलेल्या प्रत्येक रात्रीनंतर, हीच रड असेल तर डिस्क बदलायच्या आधी तीन व्होल्टचा तो सेल बदला.

३. डिस्कची तब्येत

इथून पुढे लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) बूट करा. सिस्टिमरेस्क्यू या बचावासाठीच्या लिनक्समध्ये लागणारी सगळी हत्यारं आधीच असतात. उबुंटूच्या लाइव्हवर ‘स्मार्टमॉनटूल्स’ आणि ‘जीडीडीरेस्क्यू’ ही पॅकेजेस टाकून घ्या. नावात ‘जी’ आहे याकडे लक्ष असू द्या, नुसतं ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं पॅकेज हे वेगळंच हत्यार आहे.

पहिल्यांदा ‘डीमेसग’ (कर्नलचे संदेश) बघा आणि ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ‘फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड’ असं दिसलं तर त्याखालच्या एरर ओळीतला लहानसा शब्द महत्त्वाचा. तिथे ‘यूएनसी’ असेल तर डिस्कच्या तबकडीवरचा सेक्टर वाचता येत नाहीये. ‘आयसीआरसी’ असेल तर माहिती डिस्कवर ठीक आहे, पण केबलमधून येताना बिघडतेय. एकाचा इलाज नवी डिस्क, दुसऱ्याचा नवी केबल. फरक हजारोंचा.

मग:

स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

यूएसबी खोक्यातली डिस्क उत्तर देत नसेल तर मध्ये ‘-डी सॅट’ घाला. वरच्या ‘पास्ड’ या शब्दावर विसंबू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कही पुष्कळदा पास्ड असतात. खालच्या तक्त्यात चार ओळी शोधा आणि त्यांचा शेवटचा, रॉ आकडा बघा.

क्रमांक ५, रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर: खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर. चार-पाच असून वर्षभर तिथेच असतील तर चालून जातं. वाढत असतील तर नाही.

क्रमांक १९७, करंट पेंडिंग सेक्टर: माझ्या मते हाच सगळ्यात बोलका आकडा. वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले हे सेक्टर. शून्यापेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती तिथेच थांबवा. नेमक्या याच सेक्टरवर एफएससीके अडकतं, आणि त्यावर काही लिहिलं गेलं की जुनी माहिती कायमची गेली.

क्रमांक १९८, ऑफलाइन अनकरेक्टेबल: वरच्याचाच भाऊ.

क्रमांक १९९, यूडीएमए सीआरसी एरर: केबलचा गुन्हा. हा आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही. तो लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. तिथेच थांबला असेल तर काम झालं.

एनव्हीएमईवर हे क्रमांक नसतात. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य आहे का, आणि ‘पर्सेंटेज यूज्ड’ शंभराच्या आसपास गेलं आहे का ते बघा. ‘अनसेफ शटडाउन्स’चा आकडा हा तुमच्या घरच्या लाइटचा इतिहास.

४. लिहिण्याआधी प्रत

महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप कालचाच असेल तर ही पायरी सोडा. नसेल तर सोडू नका, डिस्क निरोगी दिसत असली तरी. कारण एफएससीके फाइल सिस्टिमला सुसंगत करतं, तुमच्या फाइल वाचवण्याचं वचन त्याने कधी दिलेलं नाही. एखाद्या फाइलचा आयनोड मोडका असेल तर ती पुसणं हाही त्याच्या दृष्टीने दुरुस्तीचाच प्रकार.

मूळ डिस्कएवढी किंवा मोठी दुसरी डिस्क लावा. ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल’ करून कोणती कोण ते कागदावर लिहा. खालच्या आज्ञेत दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि त्यावर उतारा नाही.

डीडीरेस्क्यू -एफ -डी -एन /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी बचाव.मॅप

पहिली फेरी सोपं सोपं उचलते आणि खराब भाग टाकून पुढे जाते. काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये नोंदलं जातं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. म्हणून ही फाइल तिसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर हवी. लाइव्ह सिस्टिमच्या होममध्ये ठेवली तर ती रॅममध्ये असते आणि लाइटबरोबरच जाते. मग ‘-एन’ काढून ‘-आर३’ घालून तीच आज्ञा पुन्हा, म्हणजे राहिलेल्या सेक्टरवर तीनदा प्रयत्न. निरोगी डिस्कचा सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला दोन दिवसही.

प्रत झाली की मूळ डिस्क काढून ठेवा. दोन्हींची यूयूआयडी आता एकच असते आणि दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर कोणती माउंट होईल याचा भरवसा नाही. इथून पुढची सगळी कामं प्रतीवर.

५. आता एफएससीके

अट एकच, पण तिला अपवाद नाही: पार्टिशन माउंट केलेलं नको. ‘फाइंडमाउंट’ (टंकताना findmnt) करून खात्री करा. माउंट असताना कर्नलने फाइल सिस्टिमचे नकाशे रॅममध्ये धरलेले असतात. तुम्ही खाली डिस्कवर दुरुस्त्या करता, आणि तो वरून आपले जुने नकाशे पुन्हा लिहितो. दोघांनी एकाच वहीत एकाच वेळी खाडाखोड करावी तसं. एफएससीके याबद्दल सज्जड इशारा देतं. तिथे ‘वाय’ दाबायचं नाही. लाइव्ह डेस्कटॉपवर फाइल मॅनेजरमध्ये डिस्कच्या चिन्हावर नुसतं क्लिक केलं तरी ती माउंट होते, तेवढं सांभाळा. इनिटरामएफएसच्या कर्सरवर मात्र रूट अजून माउंट झालेलं नसतं, म्हणून तिथून चालवणं सुरक्षित.

आधी नुसतं बघायचं (ई२एफएससीके म्हणजे ईएक्सटी४चं एफएससीके):

ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीए२

‘-एन’ काहीही लिहीत नाही. पण त्यामुळे जर्नलही (बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवणारी वही) लागू करत नाही, म्हणून इथे दिसणाऱ्या चुकांतल्या काही खोट्या असतात. आकड्याने घाबरू नका, प्रकार बघा. मग:

ई२एफएससीके -एफ -पी /डेव्ह/एसडीए२

‘-पी’ फक्त बिनधोक दुरुस्त्या करतं आणि जिथे निर्णय घ्यावा लागेल तिथे थांबतं. बूट होताना हेच चालतं, आणि थांबलं म्हणूनच तुम्ही काळ्या पडद्यावर आलात. तेव्हा पुन्हा थांबलं तर पर्याय काढून नुसतं ‘-एफ’ ठेवा आणि प्रश्न वाचत उत्तरं द्या.

प्रश्न पाच फेऱ्यांत येतात: आयनोड आणि ब्लॉक, फोल्डरची रचना, फोल्डरची एकमेकांशी जोडणी, दुव्यांची मोजदाद, आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. पाचव्या फेरीतलं ‘फ्री ब्लॉक्स काउंट राँग’ आणि ‘बिटमॅप डिफरन्सेस’ म्हणजे नुसती जमाखर्चाची चूक, बिनदिक्कत हो म्हणा. ‘डिलीटेड आयनोड हॅज झीरो डीटाइम’ तसंच. ‘अनअटॅच्ड आयनोड, कनेक्ट टू लॉस्ट+फाउंड?’ याला हो म्हणायलाच हवं, कारण ती नाव हरवलेली पण जिवंत फाइल आहे. ‘एंट्री अमुक हॅज डिलीटेड/अनयूज्ड आयनोड, क्लिअर?’ इथे नाव आहे, फाइल नाही. हो म्हणा, पण नाव लिहून ठेवा, बॅकअपमधून काय आणायचं त्याची ती यादी होते.

‘मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स’ आलं की सावध. एकाच ब्लॉकवर दोन फाइल हक्क सांगताहेत. एफएससीके ब्लॉकची नक्कल करून दोघांना एकेक देतं, पण आतला मजकूर खरा एकाचाच असतो. दोन-चार फाइलची गोष्ट असेल तर चालू द्या. शेकडो असतील, किंवा ‘रूट आयनोड इज नॉट अ डिरेक्टरी’ आलं, आणि प्रत केलेली नसेल, तर कंट्रोल-सी.

शंभर सारखेच निरुपद्रवी प्रश्न आले तर ‘ए’ दाबता येतं, पण मग पुढच्या सगळ्याच प्रश्नांना, धोक्याच्याही, आपोआप हो जातं, म्हणून तेही प्रतीवरच. ‘-वाय’ प्रतीवर खुशाल वापरा. उलटं फिरण्याची सोय हवी असेल तर ‘-झेड’ पर्याय आणि दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलचं नाव द्या. बदललेले ब्लॉक तिथे जपले जातात आणि ‘ई२अनडू’ने परत आणता येतात. ही सोय ई२एफएसप्रॉग्स (या आज्ञांचं पॅकेज) १.४३ पासून आहे.

संपल्यावर ‘इको $?’ करा. ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे होती आणि दुरुस्त झाली, ४ म्हणजे काही राहिल्या. आणि मग, कंटाळा आला तरी, तीच तपासणी माउंट न करता पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी सगळं स्वच्छ यायला हवं. मधल्या काळात कोणी काही लिहिलेलं नसताना नव्या चुका निघाल्या, तर दोष फाइल सिस्टिमचा नाही. रॅम, केबल किंवा डिस्क खोटं बोलतेय.

६. सुपरब्लॉकच गेला असेल तर

पार्टिशन बरोबर आहे हे पहिल्या पायरीत पक्कं केलं आणि तरीही ‘बॅड मॅजिक नंबर’, तर मुख्य सुपरब्लॉक खराब आहे. तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो, आणि त्याच्या नकला पुढे ठरावीक ब्लॉक-गटांत पेरलेल्या असतात. ४ केबी ब्लॉक असेल, आणि हल्ली तोच असतो, तर नकला ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६ या ब्लॉकवर.

ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीए२

नाही जमलं तर पुढचा आकडा. हे आकडे ‘एमकेई२एफएस -एन’नेही काढता येतात, पण तो मार्ग मी टाळतो: ‘-एन’ विसरलं तर तीच आज्ञा पार्टिशन फॉरमॅट करते. तीन-चार नकला एकामागोमाग नाकारल्या गेल्या तर सुपरब्लॉक हा प्रश्नच नाही, पार्टिशनची सुरुवात सरकली आहे किंवा त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं आहे. तिथे ‘टेस्टडिस्क’ने पार्टिशन शोधा, पण लिहू देऊ नका.

७. मागची आवराआवर

लॉस्ट+फाउंडमध्ये # आणि आकडा अशा नावांच्या फाइल सापडतील. आकडा म्हणजे आयनोड क्रमांक. ‘फाइल’ ही आज्ञा त्यावर चालवली की जेपेग की पीडीएफ ते कळतं. अख्खं फोल्डर तिथे आलं असेल तर आतली नावं शाबूत असतात, त्यामुळे ते ओळखणं सोपं. सिस्टिमच्या फाइल शाबूत आहेत का ते ‘डेबसम्स -एस’ सांगतं, आरपीएमवाल्यांसाठी ‘आरपीएम -व्हीए’ (यातला ‘व्ही’ कॅपिटल). बिघडलेली पॅकेजेस पुन्हा टाका.

शून्य बाइटच्या फाइल दिसल्या तर आश्चर्य नको. ईएक्सटी४ नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये फक्त रचनेची नोंद ठेवतं, मजकुराची नाही. लाइट गेली त्या क्षणी जे रॅममध्येच होतं ते गेलं.

हे सगळं ईएक्सटी४चं. एक्सएफएसवर एफएससीके काहीच करत नाही, तिथे ‘एक्सएफएस_रिपेअर -एन’ने सुरुवात आणि कॅपिटल ‘-एल’ अगदी नाइलाज म्हणून, कारण तो लॉग पुसतो. बीटीआरएफएसवर ‘चेक --रिपेअर’ला हातही लावू नका, आधी रीड-ओन्ली माउंट करून फाइल बाहेर काढा.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक किंवा खरखर येतेय: वीज काढा, पुन्हा चालू करून बघू नका. डिस्क मधूनच गायब होतेय. पेंडिंग सेक्टर तासातासाला वाढताहेत. डीडीरेस्क्यूचा वेग केबीवर येऊन बसला आहे. एसएसडी बायोसलाच दिसत नाही आणि दुसऱ्या मशीनवरही दिसत नाही. रेडमधल्या दोन डिस्क एकदम बसल्या आहेत. आणि आत अशी गोष्ट आहे जी पुन्हा मिळणार नाही: लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, प्रबंध. यातलं काहीही असेल तर हे काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचं. देताना डिस्कवर आतापर्यंत काय काय केलं ते खरं सांगा आणि मॅप फाइल सोबत द्या. डिस्क उघडणं, फ्रीजरमध्ये ठेवणं हे प्रकार नकोत. ‘फॉरमॅट मारून बघतो’ म्हणणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात तर ती मुळीच देऊ नका.

महिन्याभरात पुन्हा तेच झालं तर

एकदा लाइट गेल्याने जर्नलवाली फाइल सिस्टिम सहसा मोडत नाही. जर्नल आहेच त्यासाठी. वारंवार मोडत असेल तर खाली कारण आहे. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅमची पट्टी बदला, कारण रॅममध्ये पलटलेला बिट डिस्कवर जसाच्या तसा लिहिला जातो.

मग विजेकडे. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. दिवा हिरवाच असतो आणि लाइट गेली की दोन सेकंदांत सगळं बंद. भिंतीचा प्लग काढून महिन्यातून एकदा बघावं. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का ते शोधा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) झेपत नाही, तो साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. पंखा फिरत राहतो, संगणक मात्र रीस्टार्ट होतो. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा हे झालं की डिस्कवर त्याच्या खुणा उमटतात.

शेवटचं, ‘ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीए२’ करून ‘मॅक्सिमम माउंट काउंट’ बघा. ई२एफएसप्रॉग्स १.४२ पासून नव्या फाइल सिस्टिमवर तो -१ असतो, म्हणजे ठरावीक बूटनंतरची पूर्ण तपासणी बंद. त्यामुळे बारीक चुका वर्षानुवर्षं साठत जातात आणि एका सकाळी एकदम बाहेर येतात. ‘ट्यून२एफएस -सी ३० /डेव्ह/एसडीए२’ केलं की दर तीस माउंटनंतर बूट थोडं रेंगाळेल. त्या वेळी कंटाळून पॉवरचं बटण दाबायचं नाही.